क्लॅरिनेट सुरात लावताना सगळा भार बॅरलवर टाकू नये

आपण लिहिले आहे की घरी मोबाइलच्या ट्यूनरवर आपले जुने बी-फ्लॅट क्लॅरिनेट बरोबर लागते, परंतु भजनात हार्मोनियमसोबत वाजवताना अर्ध्या तासात त्याचा सूर चढतो, आणि तो उतरवण्यासाठी बॅरल (माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आणि नळीचा वरचा भाग यांमधला आखूड तुकडा) बाहेर ओढले की मधले स्वर फार उतरतात व बाकीचे चढेच राहतात. एवढ्यावरून वाद्य सदोष आहे असे समजू नये. एकटे बॅरल ओढले की असेच होणार.

उघडा जी, म्हणजे कोणतेही भोक बंद न करता येणारा मधला स्वर, वाजतो तेव्हा कंप पावणारा हवेचा स्तंभ सुमारे २५ सेंटिमीटर लांब असतो, तर सगळी भोके बंद केल्यावर येणाऱ्या खालच्या ई स्वरासाठी तो सुमारे ५८ सेंटिमीटर असतो. बॅरल २ मिलिमीटर ओढले की आखूड स्तंभावर त्याचा परिणाम जास्त होतो. उघडा जी साधारण १४ सेंट उतरतो आणि खालचा ई जेमतेम ६ सेंट. (एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात.) रजिस्टरची चावी (सूर वरच्या टप्प्यात नेणारी मागची चावी) दाबून वाजणाऱ्या, उघड्या जीच्या वरच्या सी स्वरासाठीही जवळजवळ सगळी नळी वापरली जाते, त्यामुळे तोही थोडाच हलतो.

म्हणून उघडा जी बॅरलने जुळवावा आणि त्यानंतर तो सी तपासून, चढा असल्यास, वरचा व खालचा भाग जिथे जोडला जातो तो सांधा किंचित, साधारण १ मिलिमीटर, ओढावा. तसे करताना दोन्ही भागांतील चाव्यांना जोडणारी कडी सरळ रेषेत आहे ना, हे पाहावे. नेहमीच बरेच ओढावे लागत असेल तर थोडे लांब बॅरल घेणे उत्तम. ६५ ऐवजी ६६ मिलिमीटरचे बॅरल सहज मिळते.

हे सर्व वाद्य गरम झाल्यावरच करावे. हवा १ अंशाने तापली की तिच्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीतील सगळी हवा १० अंशांनी तापली तर सूर जवळजवळ ३० सेंट चढेल. हार्मोनियमच्या पितळी पट्ट्या मात्र जवळपास जागेवरच राहतात. आपला अर्ध्या तासाचा अनुभव बहुधा यातूनच आला असावा. दहा मिनिटे वाजवून मगच लावावे, आणि तेही ट्यूनरला नव्हे तर समोरच्या पेटीला, कारण तिचा सूर आयत्या वेळी बदलता येत नाही. क्लॅरिनेटच्या स्वरलिपीत लिहिलेला सी म्हणजे पेटीची काळी पाच आणि उघडा जी म्हणजे पांढरी चार. दोन्ही सूर एकत्र धरले की त्यांच्यात एक लाट ऐकू येते. ती संथ होत होत थांबली की सूर मिळाला.

ओठांकडेही लक्ष द्यावे. क्लॅरिनेट जोरात फुंकल्यास उतरते आणि हळू वाजवल्यास चढते, बासरीच्या अगदी उलट. रीडवर (माउथपीसवर बांधलेल्या पातळ पट्टीवर) जबडा आवळण्याची सवय असेल तर सूर चढाच राहील. माउथपीस आणि बॅरल एवढेच जोडून फुंकल्यावर साधारण काळी तीनचा स्वर यायला हवा. तो त्याहून बराच वर गेला तर जबडा सैल करावा. तानपुऱ्यावर वाजवताना हे विशेष उपयोगी पडते, कारण तेथील शुद्ध गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. ओठ सैल करून सूर उतरवणे जमते, चढवणे कठीण. त्यामुळे वाद्य कधीही उतरे लावून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वाद्य जुने असल्याने आणखी एक तपासणी आवश्यक आहे. सांध्यांवर किंवा बेलवर (खालच्या पसरट टोकावर) एच.पी. (हाय पिच, म्हणजे चढा सूर) अशी अक्षरे कोरलेली आहेत का, हे पाहावे. ब्रिटिश लष्करी बँडमध्ये पूर्वी ए स्वर सुमारे ४५२ हर्ट्झला लावत, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ पाव स्वराने वर, आणि त्यासाठी बनवलेल्या वाद्यांवर ही खूण असे. अशा क्लॅरिनेटची भोकेच त्या सुरासाठी पाडलेली असल्याने ते ओढून ४४० वर आणता येत नाही. तसे निघाल्यास दुरुस्तीवर खर्च न करता दुसरे वाद्य पाहावे.