दगडाला हात लावला की झिणझिण्या का येतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: गावाबाहेरच्या माळावर चार उभे दगड आहेत. त्यातल्या शेंदूर लावलेल्या मोठ्या दगडाला हात लावला की तळहाताला झिणझिण्या येतात, मोबाइलचं होकायंत्र भरकटतं, तुमच्या मेहुण्यांचं डोकं जड झालं. आणि आता एक ‘ऊर्जातज्ज्ञ’ यंत्र फिरवून सांगून गेलेत की खाली मोठी शक्ती आहे, अमावास्येला पूजा करून दगड हातभर सरकवावा लागेल.

दगड सरकवू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी बीड, लातूर, धाराशिव भागात वीस-बावीस वर्षं वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, बघत फिरतोय. त्याआधी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत होतो, त्यामुळे पिशवीत मल्टिमीटर आणि साधं होकायंत्र असतंच. झिणझिण्या आल्या म्हणणाऱ्याला खोटं पाडायची मला हौस नाही. मलाही आल्यात. पण प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं, म्हणून सगळ्याला मिळून ‘शक्ती’ हा एकच शब्द वापरायला मन घेत नाही.

पहिला अनुभव केज तालुक्यातला. ऑगस्ट महिना, सकाळपर्यंत पाऊस झालेला. सोयाबीनच्या बांधावर कमरेएवढा वीरगळ, खालचा कप्पा मातीत गेलेला. गावातले चार जण बरोबर होते. त्यांनी आधीच सांगितलं, ह्या दगडात जागृत देव आहे, पण प्रचिती फक्त श्रद्धावंताला येते. आणि खरंच तसंच. चपला काढून हात लावणाऱ्याला झटकन मुंग्या, आणि मी बूट घालून दगड चाचपतोय तर ढिम्म. मला म्हणाले, सर, तुमचा विश्वास नाही ना. बूट काढले, हात लावला, तर कोपरापर्यंत सणक गेली. हात तसाच ठेवून मोजत राहिलो. एक, गेली. दोन, गेली. साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखी. देव इतका वक्तशीर असेल असं वाटेना, म्हणून दगडाच्या मागे गवतात वाकून बघितलं. बारीक तार, दगडाला दोन वेढे, तिथून पुढे बांधाबांधाने कोठ्याकडे. कोठ्यात झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र, टिक टिक चालू. शेतकरी ओशाळून म्हणाला, “रानडुकरं लई झालीत सर. खांब कमी पडायला म्हणून देवालाच गुंडाळली. देव काय म्हणायलाय?”

ओला दगड, ओली जमीन, अनवाणी पाय, सर्किट पूर्ण. बूट घातले की तुटलं. श्रद्धावंत आणि नास्तिक ह्यांच्यात फरक फक्त रबराच्या तळव्याचा होता. तेव्हा तुमच्या दगडापासून शंभर-दोनशे पावलांत कुठे कुंपणाची तार, मोटारीची केबल किंवा विजेच्या खांबाचा ताण आहे का ते दिवसाउजेडी बघा. झिणझिण्या ठरावीक अंतराने येत असतील तर नक्कीच बघा. झटका मशीनचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही, पण कुणी तारेत थेट लाइन सोडली असेल तर बेततो. हात लावून तपासत बसू नका, टेस्टर न्या.

होकायंत्राचं. मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण आहे का? मागे गाडीत लावायच्या स्टँडची चकती? हसू नका, मी एकदा अर्धा तास दगडाभोवती प्रदक्षिणा घातल्या आणि दोष माझ्या पाकिटासारख्या कव्हरचा निघाला. कव्हर काढा, मोटारसायकल लांब लावा, चुंबकीय क्षेत्र मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. आपल्या भागात आकडा मोकळ्या रानात ४० ते ४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास येतो. दगडाजवळ तो बदलला तरी दचकू नका. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात मॅग्नेटाइट ह्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण भरलेले असतात. माळाच्या डोक्यावरच्या खडकात हे जास्तच जाणवतं, कारण वीज पडली की तिच्या प्रचंड करंटने तेवढाच तुकडा जोरात चुंबकित होतो आणि तसाच राहतो. दोन पावलांवर सुई फिरते, चार पावलांवर पुन्हा सरळ. भूगर्भवाले अशा माथ्यांवर होकायंत्रावर भरवसा ठेवत नाहीत, सूर्यावरून दिशा काढतात. म्हणजे तुमची सुई खरंच भरकटत असेल तर तिथे कधीतरी वीज पडली असण्याचीही शक्यता आहे.

आणि म्हणूनच हे नीट ऐका. मराठवाड्यात दरवर्षी अवकाळीत आणि मृगाच्या तोंडावर माणसं-जनावरं विजेने जातात. ढग दाटलेले असताना उघड्या माळावर अंगावरचे केस उभे राहिले, त्वचा चुणचुणली, तर ती प्रचिती समजून डोळे मिटून उभं राहू नका. ती वीज पडायच्या आधीची खूण असू शकते. दगडापासून आणि झाडापासून लांब व्हा, पक्कं घर किंवा गाडी गाठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलात ठेवा.

आता ज्या झिणझिण्यांना तार नाही, ढग नाही, त्यांचं बोलतो. कळंबजवळच्या एका वीरगळावर आम्ही पाच जणांनी गंमत करून पाहिली. डोळ्यांवर गमछा बांधायचा, बाकीच्यांनी त्याला दोनदा गोल फिरवायचं, मग कधी दगडासमोर तर कधी मोकळ्या जागेसमोर तळहात वीतभर अंतरावर धरायला लावायचा. दगड आहे की नाही, सांग. संध्याकाळी साडेसहाला जवळजवळ सगळ्यांनी बरोबर सांगितलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. एक मित्र तर म्हणाला, बघा, आता काय म्हणता? रात्री जेवताना लक्षात आलं की दिवसभर तापलेला दगड अंधार पडला तरी ऊब टाकत असतो, आणि वीतभरावर ती हाताला कळते. शिवाय दगड वारा अडवतो, त्या बाजूला हवा गपगार. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, वारा नसताना, तोच खेळ केला. आता अंदाज नाणेफेकीसारखे, निम्मे बरोबर, निम्मे चूक. तोच दगड, तेच हात. तुम्ही संध्याकाळी गेला होतात असं लिहिलंय, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं. पहाटे एकदा जाऊन बघा. मेहुण्यांचं डोकं मात्र उन्हानं आणि रिकाम्या पोटानंही जड झालं असेल, त्यांना पाणी पाजा.

तज्ज्ञांच्या यंत्राबद्दल. फोटोत दिसतंय ते हातात सैल धरलेल्या दोन वाकड्या तारांचं आहे. आपल्याकडचा पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा, हेच काम उंबराच्या बेचक्याने किंवा तळहातावर आडव्या ठेवलेल्या नारळाने करतो. तार फिरते, नारळ उभा राहतो, हे खरंच घडतं. पण फिरवतो तो हातच, मालकाला न कळवता. १८५३ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने, लोकांनी भोवती बसून हात ठेवले की आपोआप सरकणाऱ्या टेबलांवर, हीच गोष्ट दाखवली होती: लोक मनापासून सांगत होते की टेबल ओढतंय, आणि त्याच्या साध्या जुळणीत स्पष्ट दिसलं की हात ढकलतायत. पाणाड्या लबाड असतो असं मी म्हणत नाही, कित्येक जण भले असतात. आमच्याच रानात एकाने दाखवलेल्या जागी साडेपाचशे फूट बोअर घेतलं. धुरळा निघाला. बिचारा स्वतः येऊन रडला.

प्राचीन दगडांमधून ऊर्जेच्या रेषा जातात असं सांगणाऱ्या परदेशी व्हिडिओंचा उल्लेख केलाय म्हणून तेही सांगतो. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड वॅटकिन्स नावाच्या गृहस्थांना १९२१ मध्ये प्राचीन जागा सरळ रेषेत येतात असं वाटलं. त्यांना त्या जुन्या पायवाटा वाटल्या होत्या, ऊर्जेचं शेपूट पुढच्यांनी जोडलं. १९७७ पासून पॉल डेव्हरो आणि मंडळींनी ऑक्सफर्डशायरमधल्या रोलराइट ह्या प्राचीन उभ्या दगडांपाशी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर, कानाला न ऐकू येणारे आवाज पकडणारी यंत्रं, सगळं लावून बरीच वर्षं मोजलं. मानणारीच माणसं होती ती, टवाळ नव्हती. सुरुवातीला काही आकडे चमकले, पण पक्कं असं हाती लागलं नाही. इंग्लंडमधल्याच कॉर्नवॉलकडच्या दगडांत किरणोत्सर्ग जरा जास्त असतो तो ग्रॅनाइटमुळे. आपल्या बेसाल्टात तो फारच कमी. नांदेडकडे देगलूर-बिलोलीला ग्रॅनाइट लागतो, तिथला कुणी वाचत असेल तर त्याने गायगर घेऊन जरूर फिरावं, मलाही बोलवावं.

एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही. दगड हलल्यासारखा वाटला, पायाखाली गुरगुर झाली, तर वेळ लिहून ठेवा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, पण त्या भागाला आदल्या वर्षीपासून छोटे धक्के बसत होते. हिंगोलीत वसमतकडच्या गावांतून आजही जमिनीतून आवाज येतात, २०२४ मध्ये तिथे ४.५ चे धक्के बसले. अशा वेळी मांत्रिकाला नाही, तहसीलला कळवायचं.

आता तुमच्या दगडांकडे येतो. फोटो अंधुक आहे, तरी मोठ्या दगडाच्या वरच्या टोकाला चंद्र-सूर्य दिसतायत असं वाटतं. तसं असेल तर तो वीरगळ. खालून वर वाचायचा: तळाला लढाई, बऱ्याचदा गाईही, म्हणजे गावचं गोधन वाचवताना माणूस पडला, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. शेजारच्या बुटक्या दगडावर कोपरात वाकलेला हात आणि हातात बांगड्या असतील तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईची आठवण. तेरजवळ अशा एका हातावर कुणीतरी खऱ्या हिरव्या बांगड्या, काचेच्या, दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. तिथे माझ्या अंगावर जो काटा आला त्याला मी मीटर लावला नाही.

राहिले तज्ज्ञ. पूजा, मग सरकवणं, मग ‘थोडं उकरून बघू’, ही वाट मी तीन गावांत पाहिलीय. तीनही ठिकाणी खड्डा उरला आणि वीरगळाचे दोन तुकडे झाले. गुप्तधनासाठी अमानुष प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काहीही पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे दोन कायदे त्यांना नुसते ऐकवा, बहुधा अमावास्येला त्यांना दुसरं काम निघेल.

पहाटे जाल तेव्हा चारही दगडांचे चारही बाजूंनी फोटो काढा, उजेड तिरपा हवा म्हणजे कोरीव काम उठून दिसतं. शेंदूर खरवडू नका, पाणीही मारू नका. मोठ्या दगडाची मागची बाजू आणि बुंध्याजवळचं गवत आधी बघा. तार दिसली तर तिचाही फोटो टाका.