यू ४७, यू ६७ सारख्या जुन्या ट्यूब मायक्रोफोनची परवडणारी प्रतिकृती: तयार घ्यावी की स्वतः जोडावी?

तुमचा प्रश्न असा आहे की गाणं आणि निवेदन रेकॉर्ड करायला जुन्या नामांकित ट्यूब माइकची (ज्यात ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नळी, म्हणजे ट्यूब, काम करते) स्वस्त प्रतिकृती हवी आहे, सोल्डरिंग थोडंफार येतं, तर तयार माइक घ्यावा की किट आणून जोडावं. मी दोन्ही केलंय. तयार घ्या किंवा जोडा, पण आधी एक गोष्ट तपासा: आतली कॅप्सूल (आवाज झेलणारा पातळ पडद्याचा भाग) आणि तिच्यामागचं सर्किट एकमेकांसाठी बनलेली आहेत का? आवाज तिथेच ठरतो. बाहेरचं आवरण, जाळी आणि नावातला आकडा यांवर जाऊ नका.

हे मला माझ्या पहिल्या खरेदीनं शिकवलं. ‘६७ पद्धतीचा’ म्हणून विकला जाणारा एक स्वस्त ट्यूब माइक घेतला होता. दिसायला देखणा, सोबत पेटी, पॉवर सप्लाय, सगळं होतं. बहिणीला समोर बसवून ‘सकाळी साडेसातला’ एवढं म्हणायला सांगितलं आणि हेडफोनमध्ये प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचला. तोंड बाजूला करून पाहिलं, अंतर वाढवलं, फरक नाही. शेवटी माइक उघडला. कॅप्सूल के ६७ च्या, म्हणजे यू ६७ मधल्या कॅप्सूलच्या घडणीची होती, पण मागचं सर्किट सरळसोट होतं.

ही गोम समजून घ्या, कारण बाजारातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. नॉयमन कंपनीनं १९६० मध्ये यू ६७ आणला, तेव्हा त्याची के ६७ कॅप्सूल मुद्दाम वरच्या पट्टीत चढी ठेवली होती. तो चढ सर्किट पुन्हा उतरवतं. ट्रान्सफॉर्मरवर एक तिसरं वेटोळं आहे, त्यातून निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून) मागे जातो आणि तीव्र स्वर जागेवर येतात. स्वस्त प्रतिकृतीत कॅप्सूलची नक्कल होते आणि हा उतार गाळला जातो. मग उरतो तो नुसता चढ. म्हणून ६७ ची प्रतिकृती घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: ट्रान्सफॉर्मरला तिसरं वेटोळं आहे का? उत्तर गोलमोल आलं तर तो माइक सोडून द्या.

यू ४७ ची गोष्ट निराळी. १९४९ चा हा माइक, सुरुवातीला एम ७ कॅप्सूल, तिचा पडदा पीव्हीसीचा. पुढे पॉलिएस्टर पडद्याची के ४७ आली. आत टेलिफुंकनची व्हीएफ १४ ही पोलादी खोळीची ट्यूब (जुने रेडिओवाले तिला व्हॉल्व्हच म्हणतील). १०५ व्होल्टच्या एकाच सप्लायवर तिची प्लेट (सिग्नल बाहेर देणारा भाग) चालते आणि फिलामेंटही (ट्यूब तापवणारी तार) तापतं, इतकी सुटसुटीत रचना. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हीएफ १४ चं उत्पादन थांबलं आणि आज ती मिळवणं म्हणजे माइकपेक्षा ट्यूबच महाग. तिच्यामागे लागू नका, असं मी मनापासून सांगते. चांगली निवडलेली ईएफ ८०० किंवा ५६५४ ही दुसरी ट्यूब, बरोबर व्होल्टेजवर चालवलेली, गाण्यासाठी पुरेशी आहे. माझ्या अनुभवात ट्यूब बदलून पडणारा फरक कॅप्सूल बदलून पडणाऱ्या फरकाच्या आसपासही येत नाही. शिवाय दोन अस्सल यू ४७ सुद्धा आज सारखे वाजत नाहीत. पीव्हीसीचा पडदा वयानुसार कडक होतो, कुणाचे कपॅसिटर बदललेले असतात, कुणाची कॅप्सूल. ‘हुबेहूब’ म्हणजे नेमकं कुणासारखं, हाच आधी प्रश्न पडतो.

एकेजी कंपनीचा सी १२ हा ट्यूब माइक आणि त्याच कारखान्यात टेलिफुंकनसाठी बनलेला एला एम २५१ यांच्या प्रतिकृतींत सर्वांत जास्त फसवणूक कॅप्सूलमध्ये होते. सी १२ च्या मूळ सीके १२ कॅप्सूलमध्ये तार पडद्याच्या मधोमध नसून कडेला जोडलेली असते, आणि आतल्या दोन बॅकप्लेटमधल्या (पडद्यामागच्या धातूच्या चकत्यांमधल्या) हवेच्या पोकळ्या स्वरानुसार बेतलेल्या असतात. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये कडेची जोडणी तेवढी उचललेली असते, आतली रचना साधीच. बाहेरून ओळखू येत नाही. त्यामुळे पहिली प्रतिकृती म्हणून या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

आता जोडण्याबद्दल. माझा दुसरा माइक ४७ पद्धतीचं किट होता. पॉवर सप्लाय आधी पूर्ण करा, माइक न जोडता लोडवर (माइकऐवजी तेवढीच वीज घेणाऱ्या रेझिस्टरवर) चालवून व्होल्टेज मोजा, मगच पुढे जा. हा ४८ व्होल्टच्या फँटमवर (साध्या माइकला त्याच्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेवर) चालणारा प्रकार नाही. प्लेटला १०० ते २०० व्होल्ट जातात आणि सप्लायची पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दाब बसून असतो. मी दर वेळी १० किलोओमचा जाड रेझिस्टर लावून तो उतरवते आणि मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला पाहिल्याशिवाय आत बोट घालत नाही. सप्लायच्या धातूच्या पेटीला अर्थिंग हवंच. सप्लाय चालू असताना केबल काढघाल करायची नाही. मेन्सच्या जोडणीची सवय नसेल तर सप्लाय तयार घ्या, त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कॅप्सूलची तार आणि ट्यूबचं ग्रिड (सिग्नल आत घेणारं टोक) जिथे भेटतात तो सांधा. तिथले रेझिस्टर पन्नास-साठ मेगाओमपासून थेट गिगाओमपर्यंतचे असतात, कारण कॅप्सूलची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) जेमतेम ८० पिकोफॅरडच्या आसपास असते. हिशोब करून बघा: ६० मेगाओम लावले तर खालचे स्वर साधारण ३३ हर्ट्झपासून गळू लागतात, १ गिगाओम लावला तर २ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतात. ४७ चा खालचा भाग मोठ्या लोखंडाच्या ट्रान्सफॉर्मरइतकाच या आकड्यानंही घडतो. किटमध्ये कुठला रेझिस्टर दिलाय ते वाचा.

पण एवढ्या मोठ्या रोधाशेजारी बोटाचा घाम किंवा फ्लक्सचा (सोल्डरबरोबर वितळणाऱ्या चिकट पदार्थाचा) ओघळ राहिला तर वीज त्यातूनच झिरपते. माझा माइक पहिले चार दिवस शांत होता. पाचव्या दिवशी हवा दमट झाली आणि शांततेत फुटाणे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. ट्यूब बदलली, केबल बदलली, काही नाही. मग भिंगाखाली पाहिलं तर टेफ्लॉनच्या खुंटीवर, सोल्डरच्या डागाच्या बुडाशी, मधाच्या रंगाची एक पातळ पापुद्र्यासारखी रेघ होती. फ्लक्स. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला स्वच्छ ब्रश तिथे तीनदा फिरवला, तासभर सुकू दिलं, आणि खरखर गेली ती आजपर्यंत परत आलेली नाही. पडद्याला मात्र ब्रश लावू नका. तो साधारण ६ मायक्रॉनचा असतो, त्यावर सोन्याचा मुलामा. काम चालू असताना कॅप्सूल डबीतच ठेवा, ती सर्वांत शेवटी बसवा.

तिसरी वाटही आहे, आणि ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांना मी तीच सुचवते. भक्कम सांगाडा आणि नीट सप्लाय असलेला साधा ट्यूब माइक घ्यायचा, काही महिने वापरायचा, मग त्यात आधी कॅप्सूल आणि नंतर ट्रान्सफॉर्मर बदलायचा. माझा तो टोचणारा माइक असाच वाचला. के ६७ जातीची कॅप्सूल काढून के ४७ जातीची बसवली, सर्किट तेच ठेवलं, कारण ४७ ची कॅप्सूल सरळ सर्किटसाठीच आहे. बहिणीनं तेच वाक्य म्हटलं, आणि ‘स’ तिचा तिचा वाटला.

तुमचं काम गाणं आणि निवेदन आहे, म्हणून ४७ च्या वळणाचा माइक घ्या. सर्किट सोपं, सुटे भाग मिळतात, चूक सापडते. घेतल्यावर लगेच निवाडा करू नका. अर्धा तास गरम होऊ द्या, तोंडापासून वीतभर अंतरावर, तुमच्या सध्याच्या माइकशेजारी लावून एकाच वेळी दोन्हींवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी करा. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो. शेवटी किल्ल्यांचा जुडगा हळूच हलवा: वरच्या पट्टीत करकर असेल तर ती तिथे लपत नाही.