पायरीवरून : बाप्तिस्मा गावी की नाशिकरोडला?

प्रश्न : आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी जेल रोडला भाड्याने राहायला आलो. दर रविवारी मराठी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातो, पण मिस्सा संपली की लोक आपापल्या माणसांत मिसळतात आणि आम्ही दोघं गाडी काढून घरी. मुलगी आता चार महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात बाप्तिस्मा गावीच करा, तिथे सगळे आपले. नवरा म्हणतो इथे. शिवाय माझ्या बाळंतपणात जिने आईसारखं केलं, त्या शेजारणीला मला मुलीची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिची मानलेली आई, करायचं आहे. ती हिंदू आहे. चालेल का?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : शेजारणीचं आधी सांगते, कारण तिथे उत्तर 'नाही' आहे. धर्ममाता म्हणून उभी राहणारी बाई कॅथलिक हवी, सोळा वर्षं पूर्ण झालेली हवी, तिचा दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला हवा आणि ती ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात वाटतात ती पवित्र भाकर, घेणारी हवी. प्रोटेस्टंट नातेवाईक असेल (आपल्याकडे बहुतेकांचं शरणपूरकडे, नाशिकच्या जुन्या प्रोटेस्टंट वस्तीत, कुणीतरी असतंच), तर कॅथलिक धर्ममातेबरोबर साक्षीदार म्हणून तिचं नाव नोंदता येतं. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला तेही नाही. धर्ममाता किंवा धर्मपिता, एकच असला तरी पुरतो. शेजारणीला हे नीट बसवून सांगा, ऐनवेळी चर्चच्या दारात नको. तिला पहिल्या बाकावर बसवा, तुमच्या आईशेजारी. तान्ह्या पोराला डोक्यावर पाणी पडलं की जे रडू येतं, त्याला तिच्याइतकं चांगलं कोण शांत करणार?

आता गावी की इथे. चर्चचा कायदा म्हणतो की मूल आईवडिलांच्या धर्मग्रामात, म्हणजे ते राहतात त्या भागाच्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा घेतं, काही योग्य कारण असेल तर दुसरीकडे. आणि तुमचं धर्मग्राम कोणतं, हे भाषेवर ठरत नाही, जन्मगावावरही नाही. राहता कुठे त्यावर ठरतं. तीन महिने एका जागी राहिलात की तुम्ही तिथल्या फादरांची माणसं झालात. तुम्हाला तर दोन वर्षं झाली. म्हणजे तुम्ही इथल्याच आहात, फक्त ते अजून कार्यालयाला माहीत नाही. सासूबाईंचा मान राखायचा म्हणून गावी करायचं असेल तरी इथल्या फादरांचं पत्र घेऊन जावं लागेल. म्हणजे कार्यालयाची पायरी चुकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट आणखी. बाप्तिस्म्याची नोंद जिथे झाली तिथेच ती जन्मभर राहते. पुढे मुलीचं दृढीकरण झालं, लग्न झालं, तर ते जगात कुठेही होवो, त्याची टीप त्याच पानावर त्याच नावापुढे जाते. लग्नाआधी ताजा दाखला मागतात तो यासाठीच. गावी केलंत तर पंचवीस वर्षांनी कुणीतरी एसटीने जाऊन तो काढून आणणार. काही हरकत नाही, पण आधी माहीत असावं.

या नोंदवह्यांशी माझा जुना घरोबा आहे. शाळेत शिकवून आल्यावर दुपारी दोन तास, असं मी बारा वर्षं धर्मग्रामाच्या कार्यालयात लिहायला बसत असे. जुन्या वह्यांत रकान्यांची नावं लॅटिनमध्ये, आत नावं आपली साधी नगरकडची. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पुण्याहून आला. लग्न ठरलेलं, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून चर्चमध्ये वेदीवरून तीन रविवार नावं वाचायची, आणि दाखला सापडेना. वहीत प्रशांत नावाचा कुणी नाहीच. म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना विचारा म्हणून मला घरून बोलावलं. १९९४ सालचं पान उघडलं तर अक्षर माझंच. निळी शाई, 'फ्रान्सिस', वडिलांचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. आईने बाप्तिस्म्याचं नाव सांगितलं, ते मी लिहिलं. शाळेत घालायचं नाव काय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आपल्या घरांत दोन नावं असतात हे मला, एका मास्तरणीला, माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पोरगं बिचारं हसत होतं, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हा तुम्हाला माझा आग्रह : बाप्तिस्म्याच्या फॉर्मवर शाळेचं, आधारवरचं पूर्ण नाव लिहा. संताचंच नाव ठेवलं पाहिजे अशी सक्ती चर्चच्या १९८३च्या कायद्यात राहिलेली नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नको, एवढंच तो म्हणतो. अनुजा, मेघना, काहीही ठेवा. वहीवर लिहिणाऱ्या बाईने काय लिहिलं ते मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचून या.

आणि खरा प्रश्न तुम्ही मध्ये एका ओळीत उरकला आहे, गाडी काढून घरी जाण्याचा. मी १९८४ साली लग्न होऊन नाशिकरोडला आले. नवरा नोटांच्या प्रेसमध्ये. तेव्हा नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांतही (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) नव्हता, आपण पुण्यात मोडत होतो. १९८७च्या मे महिन्यात वेगळा झाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. चर्चमध्ये गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, देवळालीच्या तोफखान्यातले, रेल्वेतले, आणि मागच्या बाकांवर आम्ही नगरकडचे. दीड वर्ष मी मिस्सा संपली की चपला शोधायचं निमित्त करून रेंगाळत असे. कुणी बोलत नसे. माणसं वाईट नव्हती, त्यांना मी दिसतच नव्हते.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला स्वयंपाक करायचा होता. मी नेहमीसारखी रेंगाळत होते. एका गोव्याच्या बाईंनी कोकणी वळणाच्या मराठीत विचारलं, "कांदा चिरता येतो?" आणि उत्तराची वाट न बघता विळी पुढे सरकवली. चार पाट्या कांदे होते. उन्हाळ कांदा अजून यायचा होता, हा लाल, ओला, रडवणारा. दोन पाट्या होईपर्यंत माझं माहेर, सासर, नवऱ्याचा पगार आणि मूल का होत नाही, सगळं त्यांना कळलं होतं. मूल का होत नाही हे विचारलं ते मला आवडलं नव्हतं, आजही आवडलेलं नाही. पण तीन वर्षांनी माझ्या मुलाची धर्ममाता त्याच झाल्या.

तुम्ही कुणी ओळखेल म्हणून थांबू नका. या रविवारी कार्यालयात जा, कुटुंबाची नोंद करा, तुमच्या विभागाची प्रार्थनासभा कुणाच्या घरी भरते ते विचारा. आणि स्वयंपाकघराचं दार कुठे आहे तेही.

प्रश्न : माझ्या सासूबाई जन्माने हिंदू होत्या, लग्नानंतर कॅथलिक झाल्या. गेल्या महिन्यात वारल्या. त्यांच्याच इच्छेने दहन केलं. त्यांचे भाऊ पंचवटीत राहतात, त्यांचा आग्रह आहे की अस्थी रामकुंडात सोडाव्यात. कलश सध्या घरात आहे. काय करावं?
— एक वाचक, द्वारका

उत्तर : दहनाबद्दल मनात काही ठेवू नका. १९६३पासून चर्चने त्याला परवानगी दिली आहे. दफन अधिक पसंत, एवढंच. अस्थींचं मात्र वेगळं आहे. २०१६ साली रोमहून आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे : हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरू नयेत, घरातही ठेवू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. सासरे तुमच्या कब्रस्तानात असतील तर फादरांना विचारून त्यांच्याच कबरीत कलश ठेवणं सगळ्यांत सोपं.

नियम झाला. आता मामांचं. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला बहिणीच्या अस्थी गोदावरीत न सोडणं म्हणजे काय वाटत असेल, हे मला इथे घरी बसून समजणार नाही, तुम्हाला समजेल. त्यांना 'आमच्यात चालत नाही' एवढं वाक्य फेकून मारू नका. तुम्ही स्वतः पंचवटीत जा, फोन करू नका. दफनाच्या दिवशी मोठ्या मामांच्या हातून पहिली माती पडू द्या. रामकुंडावर त्यांना बहिणीच्या नावाने जे स्मरण करायचं असेल ते त्यांनी त्यांच्या रीतीने करावं, अस्थींशिवाय. तुम्ही सोबत काठावर उभ्या राहिलात तर कुणाचा धर्म बुडत नाही. माझं हे मत आहे, फादरांचं विचारून घ्या. त्यांचं वेगळं असलं तर त्यांचं ऐका. पण कलश घरातून लवकर हलवा, घरातल्या लहान मुलांसाठीही.

प्रश्न : मी हिंदू आहे, पण दरवर्षी बाळ येशूच्या यात्रेला येतो. मिस्सात पांढरा प्रसाद वाटतात तो घेतला तर चालतो का? मागच्या वर्षी रांगेत उभा होतो, मला एका बाईंनी बाजूला केलं.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दादा, बाजूला ओढायची ती रीत बरोबर नव्हती, त्याबद्दल मीच माफी मागते. पण ती चकती प्रसाद नाही. आमच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांनीच ते घ्यायचं असतं. माझा मुलगाही पहिला ख्रिस्तप्रसाद होईपर्यंत सहा वर्षं नुसता रांगेकडे बघत होता. (होय, आम्हीही बोलताना 'ख्रिस्तप्रसाद' म्हणतो, त्यामुळे तुमचा घोटाळा झाला तर दोष आमचाच.)

रांगेत यायचंच असेल तर या, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. फादर समजतात, चकती न देता आशीर्वाद देतात. मूर्तीसमोर मेणबत्ती लावायला तर कुणाचीच आडकाठी नाही. मेणबत्ती मात्र वाऱ्याच्या बाजूला पाठ करून पेटवा, फेब्रुवारीत तिथे वारा फार असतो.