मुलाला आधी चहाला पाठव

नव्यानं वकिलीची सनद घेतलेल्या तुला,

अनेक आशीर्वाद.

मृत्युपत्रासाठी मुलगा म्हाताऱ्या वडिलांना घेऊन येतो आणि सगळं तोच बोलतो. अशा वेळी त्याला चहाला पाठव, दार लोटून घे. मग त्या आजोबांना विचार: मिळकत काय काय आहे, मुलं किती, कुणाला काय द्यायचं, धाकटीला वगळलं ते का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून टिपून ठेव. आज वार कोणता हे नाही सांगता आलं तरी लगेच हात झटकू नकोस. वार विसरणं वेगळं, आपली माणसं नि मिळकत विसरणं वेगळं. निर्णय तुला विचित्र वाटला म्हणून माणूस बेभान ठरत नाही; मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ उपचारांच्या निर्णयाबाबत हेच स्पष्ट सांगतो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ प्रमाणे एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही भानावर असताना मृत्युपत्र करू शकतो. तेव्हा वेळ नीट निवड. स्मृतिभ्रंशाचे बरेच रुग्ण सकाळी ठीक असतात, दिवेलागणीला गोंधळतात. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर त्या दिवशी काम करूच नकोस.

डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा हवा. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ एवढी एक ओळ उलटतपासणीत टिकत नाही. काय विचारलं, काय उत्तर आलं, हे त्यात येऊ दे. त्याच उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे साक्षीदार किमान दोन, आणि त्यांनी आजोबांसमोर सही करायची. शक्यतो ते वयानं लहान असावेत, नाहीतर कोर्टात सांगायला कुणी उरत नाही. (हे फार जण विसरतात.) ज्याला वाटा मिळतोय त्याला साक्षीला घेऊ नकोस. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. केलेली बरी, पण तिनं सगळं धुऊन निघत नाही. संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानं करायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्येच वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय.

कुलमुखत्यारपत्राबद्दल, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाबद्दल, लोकांचा मोठा गैरसमज आहे. ‘पुढे बाबांना काही कळेनासं झालं तर उपयोगी पडेल’ म्हणून ते करून घेतात. पण करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार लिहून देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. अशिलाला हे आधीच सांग.

बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मिळकत देऊन टाकणं, तर शक्यतो टाळायलाच सांग. ऐकलं नाहीच, तर ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घाल. ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर, असं हस्तांतर रद्द होऊ शकतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात अटीचा पुरावा नसल्यानं मिळकत देणाऱ्या आईच्या बाजूचा आदेश टिकला नाही. २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात न्यायालयानं कायद्याचा अर्थ उदारपणे लावला, तिथंही सांभाळाचं वचनपत्र कामी आलं. अर्ज प्रांताकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा.

हात थरथरत असेल तर अंगठा घे. मजकूर वाचून दाखवल्याची नोंद कर. आणि फी आजोबांकडूनच घे. वकिलाला पैसे कुणी दिले, हा प्रश्न उलटतपासणीत येतोच.