बोलण्यापुरती ग्रीक, घरबसल्या

प्रश्न: मुलीकडे अथेन्सला जायचं आहे. सांगलीत ग्रीकचा वर्ग सापडत नाही. बोलण्यापुरती भाषा घरी कशी शिकावी?

उत्तर: पुस्तक आधुनिक ग्रीकचंच घ्या, प्राचीन ग्रीक भाजी घेताना कामाची नाही. अक्षरं २४च आहेत, ती लवकर बसतात. मेहनत उच्चारावर हवी. थीटा म्हणजे आपला ‘थ’ नव्हे: जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडा. आघात चुकला की अर्थ फिरतो. ‘पोते’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘केव्हा’, दुसऱ्यावर दिला तर ‘कधीच नाही’. छापील शब्दावर आघाताची खूण असते. ती पाहूनच पाठ करा.

‘लँग्वेज ट्रान्सफर’ या भाषा शिकवणाऱ्या संकेतस्थळाचा १२० ध्वनिपाठांचा ग्रीक अभ्यासक्रम मोफत आहे. पाठ थांबवून उत्तर मोठ्यानं द्या, नुसतं ऐकून जीभ वळत नाही. गणपती पेठेत खरेदी करताना प्रत्येक भाव ग्रीकमध्ये पुटपुटा. आकडे असेच पक्के होतात.

मुलीच्या शेजाऱ्यांशी फोनवर बोलायचं तर आपल्या रात्री साडेनऊला बोला. तिथे तेव्हा हिवाळ्यात सहा, उन्हाळ्यात सात वाजलेले असतात, दुपारची विश्रांती संपलेली असते. अनोळखी वा वडीलधाऱ्यांना ‘एसीस’ म्हणा, म्हणजे आपलं ‘तुम्ही’.