सेन्सर म्हणतो ६२, ग्लुकोमीटर म्हणतो १०४, खरं कोणाचं?

प्रश्न: डॉक्टर, आईला (वय ६८) इन्सुलिन चालू आहे. आता दंडावर तो सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावलाय. रात्री तीनला मोबाइल बोंबलतो, शुगर ६२, आम्ही सगळे उठून तिला साखरपाणी पाजतो, ती म्हणते मला काही होत नाहीये. काल बोट टोचून बघितलं तर १०४! मग विश्वास कशावर ठेवायचा? आणि भाऊ म्हणतो स्मार्टवॉच घे, त्यात न टोचता शुगर कळते, घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी मला सांगा, आई झोपतात कुठल्या कुशीवर? कारण सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच अंगावर झोपलं की तिथली जागा दाबली जाते आणि आकडा खोटाच खाली येतो, कूस बदलली की थोड्या वेळात आपोआप वर. ग्राफ उघडून बघा, रेघ एकदम खाली आणि तशीच झटकन वर गेली असेल तर बहुतेक हेच आहे, पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा.

पण म्हणून अलार्म बंद करू नका, कळकळीने सांगतोय. बरीच वर्षं डायबेटीस असलेल्यांना शुगर उतरली तरी घाम, थरथर काही जाणवत नाही असं होतं, त्यामुळे "मला काही होत नाहीये" एवढ्यावर जाऊ नका, लगेच बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी परत टेस्ट. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवा हो, आंबा चिरलेल्या बोटाने टेस्ट केली तर आंब्याची साखर मोजली जाते!

आता दोन आकडे वेगळे का, तर सेन्सरची इवलीशी तार रक्तात नसतेच, कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यात असते. तिच्यावरचं एन्झाइम ग्लुकोजशी रिअ‍ॅक्शन करतं, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि त्याचाच आकडा बनतो. (एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची ही आयडिया अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली, ती आधी लॅबच्या मशीनमध्ये आली, दंडावर फार नंतर.) रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणून जेवल्यावर किंवा चालून आल्यावर दोन्ही आकडे जुळणारच नाहीत. नुसता आकडा बघू नका, शेजारचा बाण बघा, शुगर वर चाललीय की खाली ते तो दाखवतो. ११० आणि बाण सरळ खाली, हे ९० आणि बाण आडवा यापेक्षा जास्त काळजीचं आहे.

स्मार्टवॉच? अजिबात नको. न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं होतं. सेन्सरचाच आकडा घड्याळावर दिसतो ती गोष्ट वेगळी. पण घड्याळाच्या मनाच्या आकड्यावर इन्सुलिनची युनिटं ठरवली तर जिवावर बेतेल, भावाला सांगा त्या पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणून ठेव.