जे प्रथिन नाही, त्याचा अभ्यास

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-प्रस्ताव दोनदा वाचला. मेहनत दिसते, वाचनही दिसते; परंतु माझी पहिली हरकत शीर्षकालाच आहे. ‘अंडाशयाच्या कर्करोगाच्या वाढीवर ट्यूमर सप्रेसर प्रथिनांचा परिणाम’ असे तू लिहिले आहेस, आणि अंडाशयाचा कर्करोग नावाचा एकच एक आजार अस्तित्वात नाही. हाय-ग्रेड सिरस, लो-ग्रेड सिरस, एन्डोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस हे प्रकार एकाच पत्त्यावर सापडतात म्हणून एका नावाखाली आले, एवढेच. गाठीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांपैकी कोणते गमावले गेले आहे, हे पाहू लागल्यावर त्यांच्यातील अंतर लगेच लक्षात येते. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ या प्रकल्पाने २०११ साली हाय-ग्रेड सिरस प्रकाराच्या ३१६ गाठींमधील जनुकांचा क्रम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी ९६ टक्के गाठींत पी५३ या वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळले. क्लिअर सेल प्रकारात मात्र जवळजवळ निम्म्या गाठींमध्ये एआरआयडी१ए हे वाढ रोखणारे दुसरे जनुक निकामी झालेले असते. लो-ग्रेड सिरसमध्ये पी५३ बहुधा शाबूत असते आणि वाढीची सूत्रे बऱ्याचदा केआरएएस किंवा बीआरएएफ या वाढीला चालना देणाऱ्या जनुकांच्या हाती असतात.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण माझीच एक जुनी चूक आहे. उमेदीच्या काळात मी एसकेओव्ही३ या सेल लाइनमध्ये, म्हणजे एका गाठीपासून घेऊन प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींमध्ये, पी५३ चे जनुक बाहेरून घालत होते. या पेशींमध्ये पी५३ मुळातच नसते. ते मिळताच त्यांची वाढ खुंटायची, पुष्कळ पेशी मरायच्या, आणि मी आनंदाने आलेख काढत बसायची. जवळजवळ वर्षभराने एका ज्येष्ठ रोगनिदानतज्ज्ञांनी शांतपणे विचारले की या पेशी नेमक्या कोणत्या आजाराच्या आहेत. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे २०१३ साली अंडाशयाच्या सेल लाइन्सची तुलना प्रत्यक्ष गाठींच्या जनुकीय माहितीशी करण्यात आली, आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एसकेओव्ही३ व ए२७८० या दोन्ही हाय-ग्रेड सिरसचे फारसे प्रतिनिधित्व करत नाहीत, असे दिसले. ए२७८० मध्ये तर पी५३ शाबूत आहे. तुझ्या प्रस्तावात याच दोन लाइन्स आहेत. तेव्हा त्या बदल, किंवा प्रश्न बदल.

आता पी५३ विषयी. निरोगी पेशीत हे प्रथिन सतत तयार होते आणि एमडीएम२ नावाचे दुसरे प्रथिन काही मिनिटांतच त्याची विल्हेवाट लावते. डीएनएला इजा झाली की ही विल्हेवाट थांबते, पी५३ साठते, चार-चारांच्या जोडणीने डीएनएवर बसते, आणि पी२१ सारखी जनुके जागी करून पेशीचे विभाजन रोखते. इजा भरून येण्यासारखी नसेल, तर पेशीला मरणाच्या वाटेवर धाडते. गंमत अशी की १९७९ मध्ये हे प्रथिन सापडले तेव्हापासून सुमारे दहा वर्षे ते कर्करोग वाढवणारे मानले जात होते, कारण प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या प्रती नकळत बिघडलेल्या होत्या. गाठींमध्ये ते भरपूर दिसे आणि भरपूर आहे म्हणजे कामावर आहे, असा समज झाला होता.

तोच समज तुझ्या तिसऱ्या प्रयोगात डोकावतो आहे. तेथे तू पी५३ च्या रंजनाची, म्हणजे ते प्रथिन दिसावे म्हणून पेशींना दिलेल्या रंगाची, तीव्रता मोजून ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडणार आहेस. असे करू नये. जनुकातील एकच अक्षर बदलून १७५, २४८ किंवा २७३ या स्थानांवरील आर्जिनिन बदलले गेले, तर प्रथिन तयार होते, पण डीएनएवर नीट बसू शकत नाही. शिवाय एमडीएम२ हे स्वतःच पी५३ च्या हुकमाने तयार होत असल्याने निकामी पी५३ ची विल्हेवाट मंदावते आणि पेशींची केंद्रके गडद रंगतात. याउलट जनुकाचा संदेश मध्येच तुटला, तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही आणि केंद्रके कोरी दिसतात. कमी-अधिक, ठिपक्याठिपक्यांचे रंजन हेच बहुधा शाबूत पी५३ चे लक्षण असते. म्हणजे दोन्ही टोके बिघाडाची आणि मधली जागा आरोग्याची. तीव्रतेचा सरळ आलेख काढलास, तर दोन्ही बिघाड दोन वेगळ्या गटांत जातील आणि शाबूत पेशी त्यांच्यामध्ये चिरडल्या जातील.

तथापि केवळ पी५३ गेल्याने गाठ होते, असेही समजू नकोस. हाय-ग्रेड सिरसच्या अनेक गाठींचा उगम अंडाशयात नसून बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी असतो, हे आता बऱ्यापैकी मान्य झाले आहे. तेथील अस्तरात साध्या, शांत दिसणाऱ्या काही पेशींच्या ओळीत बिघडलेले पी५३ साठलेले आढळते, पण त्या फारशा विभाजित होत नाहीत. त्यांच्यापैकी थोड्याच पुढे सरकतात. हा मधला काळ मला या विषयातील सर्वांत रसाळ भाग वाटतो, आणि तुझ्या प्रस्तावात त्याला एक ओळसुद्धा मिळालेली नाही.

पुढची पायरी समजण्यासाठी बीआरसीए१ हे डीएनएच्या दुरुस्तीचे जनुक पाहा. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये त्याची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली आणि १९९४ मध्ये जनुक हाती आले. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ मिळून डीएनएच्या दोन्ही धाग्यांना पडलेला तडा अचूकपणे सांधण्याचे काम करतात. बीआरसीए२ तर आरएडी५१ या दुरुस्तीच्या प्रथिनाला नेमके तड्याच्या जागी नेऊन बसवते. ही दुरुस्ती बंद पडली की शाबूत पी५३ असलेली पेशी बहुधा थांबते किंवा मरते. पी५३ आधीच गेलेले असेल, तर मात्र ती तुटक्या गुणसूत्रांनिशी विभाजित होत राहते, आणि याच गोंधळातून आरबी१, एनएफ१ असे आणखी पहारेकरी गमावले जातात. पी५३, बीआरसीए१ आणि एनएफ१ या तिघांची जनुके सतराव्या गुणसूत्रावरच आहेत, त्यामुळे त्या गुणसूत्राची एक प्रत गेली, तर तिघांचीही एकेक प्रत एकदमच जाते. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यांच्या कर्करोगावरून मांडलेला दोन आघातांचा विचार, म्हणजे अशा जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्यावरच पहारा सुटतो हा, येथे पुन्हा वाचण्यासारखा आहे.

बीआरसीएचा अभाव गाठीला वाढवतो आणि दुबळीही करतो. प्लॅटिनमयुक्त औषधांनी झालेली इजा अशा पेशींना भरून काढता येत नाही. पार्प हे डीएनएच्या दुरुस्तीत मदत करणारे विकर (एन्झाइम) रोखले, तर त्या मरतात आणि दुरुस्ती शाबूत असलेल्या पेशी तगून राहतात, हे २००५ मध्ये दिसून आले. २०१४ अखेर पार्प रोखणारे ओलापॅरिब हे औषध या कर्करोगासाठी मंजूर झाले. पण काही गाठींत उपचारांच्या दबावाखाली बीआरसीएच्या जनुकात दुसरा बदल होऊन जनुकाचे वाचन पुन्हा जुळते, प्रथिन पुन्हा तयार होऊ लागते, दुरुस्ती सुरू होते आणि औषध निष्प्रभ ठरते. वाढ रोखणारे प्रथिन परतले आणि रुग्णाचे नुकसान झाले, हे वाक्य तुझ्या टिपणवहीत लिहून ठेव.

पीटीईएन या वाढ रोखणाऱ्या आणखी एका प्रथिनाविषयी थोडक्यात सांगते. ते पेशीच्या आवरणातील पीआयपी३ या स्निग्ध रेणूवरील एक फॉस्फेट काढते आणि वाढीचा संदेश विझवते. एन्डोमेट्रिऑइड प्रकारात ते वारंवार हरवते. तू त्याला पूर्ण प्रकरण दिले आहेस. हाय-ग्रेड सिरस निवडणार असलास, तर ते गाळावे.

प्रयोगांबाबत एकच सूचना देते. एखादे प्रथिन भरमसाट प्रमाणात पेशीत कोंबले, तर पेशी मरते, आणि तिच्या मरणातून त्या प्रथिनाविषयी फारसे कळत नाही. जनुक नैसर्गिक जागी निकामी करावे, नंतर शाबूत प्रत नैसर्गिक पातळीला परत द्यावी, आणि शेजारी डीएनएला न चिकटणारी बिघडलेली प्रतही द्यावी. या तिन्हींतील फरक हाती येईपर्यंत ‘परिणाम’ हा शब्द वापरू नये.

पुढील पंधरवड्यात पहिले पान नव्याने लिहून पाठव. त्यावर एक प्रकार, एक प्रथिन आणि एक प्रश्न असावा, आणि निवडलेल्या सेल लाइनमध्ये पी५३ कोणत्या अवस्थेत आहे ते पहिल्याच परिच्छेदात यावे. ती लाइन खरोखर तीच आहे ना, याची डीएनए-ओळखचाचणी त्याआधी करून घे. तिचा अहवालही सोबत जोड.

कळावे.